नव्या घरात पाइप गळतोय? पाच वर्षांपर्यंत दुरुस्ती बिल्डरच्याच खर्चाने

बेळगाव : ताबा घेऊन दोन पावसाळेही झालेले नसतात. बेडरूमच्या ज्या भिंतीपलीकडे बाथरूम आहे, तिथे जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत रंगाला फोड येतात. मग पापुद्रे सुटतात, कपाटाच्या मागे बुरशी दिसते आणि एक दिवस खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर येऊन सांगतात, "आमच्या बाथरूमच्या छतातनं थेंब पडायलेत, जरा बघा की." बिल्डरला फोन जातो. "उद्या लावून देतो की माणूस," असे उत्तर येते. माणूस चार-आठ दिवसांनी येतो, टाइल्सच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरतो आणि जातो. पंधरा दिवसांनी ओल पुन्हा हजर.

टिळकवाडी असो, अनगोळ असो की खानापूर रोड, नव्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेलेल्या कुटुंबांकडून ऐकू येणारी ही कहाणी फारशी वेगळी नसते. आयुष्याची पुंजी आणि वीस वर्षांचे कर्ज घालून घेतलेले घर. शेवटचा हप्ता दिला, खरेदीपत्र झाले, किल्ली हातात आली की आता बिल्डरवर आपला काही जोर नाही, असे बहुतेकांना वाटते. बिल्डरलाही तसेच वाटत असते. त्यामुळे अनेक जण दोन-तीन फोन करून थकतात आणि स्वतःच गवंडी, प्लंबर बोलावून खर्च करतात. हा खर्च कायद्याने त्यांचा नसतो.

स्थावर संपदा कायदा, म्हणजे ज्याला सगळे रेरा म्हणतात तो 2016 चा कायदा, त्याच्या कलम 14 मधील तिसरे पोटकलम यासाठीच आहे. ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या सांगाड्यातला दोष किंवा कारागिरी, दर्जा अथवा सेवांमधला कोणताही दोष खरेदीदाराने लक्षात आणून दिला, तर तो बिल्डरने 30 दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून द्यायचा. नाही केला तर खरेदीदार भरपाईला पात्र ठरतो. पाइप, ड्रेनेज, बाथरूमचे वॉटरप्रूफिंग ही सगळी कारागिरी आणि सेवांचीच कामे आहेत. करारनाम्यात "प्लंबिंगची हमी एक वर्ष" अशी ओळ असली तरी घाबरायचे कारण नाही. रेराशी विसंगत ठरेल तिथे हाच कायदा वरचढ राहील, असे कलम 89 सांगते. करारातल्या एका ओळीने कायद्याची पाच वर्षे कापता येत नाहीत.

मात्र हक्क आहे म्हणून काम आपोआप होत नाही. बहुतेक प्रकरणे अडतात ती एकाच प्रश्नावर, पाणी येते कुठून?

आधी गळतीचे मूळ शोधा

"घर गळतंय" एवढेच सांगितले की बिल्डरला तीन उत्तरे तयार असतात. पाऊस जास्त झाला, वरच्या फ्लॅटवाल्यांचा दोष आहे, नाहीतर तुम्हीच कुठेतरी ड्रिल मारले असेल. बेळगावचा पाऊस म्हटल्यावर पहिले उत्तर तर पटूनही जाते. म्हणून तक्रार लिहिण्याआधी आठवडाभर नीट पाहणी करावी. त्याला यंत्र लागत नाही, वही लागते.

ओल दिवसरात्र सारखीच राहते का? बाहेरगावी जाऊन चार दिवसांनी आल्यावरही ती तशीच होती का? तसे असेल तर संशय पाणी आणणाऱ्या, म्हणजे सतत दाबाखाली असलेल्या पाइपवर. घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा काटा पाहायचा. काटा हलत असेल, तर कुठेतरी पाणी जाते आहे. अपार्टमेंटमध्ये वरच्या टाकीतून येणाऱ्या लाइनवर प्रत्येक फ्लॅटचा वेगळा व्हॉल्व्ह असतो. तो रात्रभर बंद ठेवून सकाळी खालच्या घरातले थेंब थांबले का ते बघायचे. थांबले असतील तर निम्मे उत्तर मिळाले.

आंघोळ झाल्यावर तासा-दोन तासांनीच थेंब पडत असतील, तर दोष सांडपाण्याच्या पाइपमध्ये, नहाणी ट्रॅपच्या सांध्यात किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये असतो. हे वेगळे करायची सोपी रीत आहे. नहाणी ट्रॅपचे तोंड घट्ट बंद करून बाथरूममध्ये दोन इंच पाणी साठवून ठेवायचे. एरवी कोरडे असलेले छत त्या साठलेल्या पाण्याने ओले झाले, तर फरशीखालचे वॉटरप्रूफिंग गेले. नाही झाले, तर ट्रॅप उघडून त्यात रंग कालवलेली बादली ओतायची. खाली रंगीत पाणी आले की सांडपाण्याचा सांधा सापडला. खालच्या शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे, नाहीतर छतातून गुलाबी पाणी बघून भांडण व्हायचे.

फक्त पावसाळ्यात आणि बाहेरच्या भिंतीच्या बाजूनेच ओल येत असेल, तर ते प्लंबिंग नव्हे. खिडकीच्या चौकटीचा सांधा, बाहेरच्या प्लास्टरमधली चीर किंवा गच्चीचा उतार, यांपैकी काही असते. यातले दोष कारागिरीचेच असतील तर तेही पाच वर्षांच्या हमीत बसतात. पण तक्रारीत ते वेगळे लिहायचे. प्लंबर आणि बाहेरचे प्लास्टर करणारा माणूस एक नसतो.

आता मुळात नव्या घरातले पाइप गळतात तरी का? आजकाल भिंतीत बुजवलेल्या लाइनी बहुतेक सीपीव्हीसीच्या असतात. हा पाइप वाईट नाही. वाईट असतो तो सांधा. पाइप सरळ न कापता, कापलेल्या कडेची कुस न काढता, फिटिंगमध्ये पूर्ण आत न घालता सॉल्व्हंट लावून बसवला की तो त्या दिवशी गळत नाही. सहा-आठ महिने दाब सोसतो आणि मग थेंब थेंब सुटतो. पितळी आटे असलेल्या फिटिंगमध्ये नळ जास्त आवळला तर बारीक तडा जातो, तो टाइल्समागे कुणाला दिसत नाही. गीझरच्या गरम पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसीऐवजी स्वस्तातला यूपीव्हीसी पाइप वापरलेला असेल तर तो उष्णतेने नरमतो. सीपीव्हीसी साधारण पिवळसर साय रंगाचा आणि यूपीव्हीसी पांढरा किंवा राखाडी असतो, त्यामुळे फोडल्यावर फरक ओळखता येतो. प्लास्टर करण्याआधी लाइनमध्ये रोजच्या कामाच्या दाबापेक्षा जास्त दाब देऊन ती काही तास तपासायची असते. ही चाचणी वगळली गेली तर तिची किंमत दोन वर्षांनी घरमालक मोजतो. पत्रात बिल्डरकडे या चाचणीची नोंद जरूर मागावी. नोंद नसेल, तर ते उत्तरच खूप काही सांगून जाते.

बाथरूमचा स्लॅब खाली सोडून त्यात विटांचे तुकडे आणि कोबा भरायचा, आत पाइप टाकायचे, ही आपल्याकडची नेहमीची रीत. वॉटरप्रूफिंग झाल्यावर तिथे दोन-तीन दिवस पाणी साठवून बघायचे असते. ते न करता फरशी बसवली, तर त्या खळग्यात पाणी साचत राहते आणि भिंत ते वर ओढून घेते. बेडरूमच्या भिंतीला हातभर उंच लोणा लागतो तो बऱ्याचदा यामुळे. टाइल्सच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरून हे पाणी कसे थांबणार?

बाथरूममध्ये सतत गटाराचा वास येणे हाही दोष आहे, लोक त्याची तक्रारच करत नाहीत. नहाणी ट्रॅपमध्ये कायम थोडे पाणी अडून राहिले पाहिजे, तेच वास अडवते. बरेच दिवस न वापरलेल्या बाथरूममध्ये ते वाळते, मग एक तांब्या पाणी ओतले की काम भागते. रोज वापरातल्या बाथरूममध्ये वास येत असेल, तर ट्रॅप चुकीचा बसवला आहे किंवा हवा जायला वेगळा पाइप दिलेला नाही.

तोंडी नको, लेखी

पाच वर्षांची हमी तक्रार बिल्डरच्या "लक्षात आणून देण्यावर" उभी आहे. ती दिल्याचा पुरावा नसेल तर उद्या बिल्डर "मला कुणी सांगितलंच नाही" म्हणू शकतो. म्हणून फोन हवा तेवढा करा, पण त्याच दिवशी ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका, "आज सकाळी बोलल्याप्रमाणे मोठ्या बाथरूमची गळती अजून सुरू आहे." दोन-तीन वेळा असे झाल्यावर रीतसर पत्र, स्पीड पोस्टने आणि पोचपावतीसह, करारनाम्यावर असलेल्या पत्त्यावर. पत्त्यात चूक नको. साइट ऑफिस बंद झालेले असते आणि पत्र परत येते.

पत्र लांबलचक नसावे. फ्लॅटचा क्रमांक, करारनाम्याची आणि ताब्याची तारीख, दोष कुठे आणि कधी पहिल्यांदा दिसला, आजवर कुणाला केव्हा कळवले, कोण येऊन काय करून गेले. मग मागणी. साधारण अशी : "रेरा कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत गळतीचे मूळ शोधून कायमची दुरुस्ती करून द्यावी. फोडलेल्या टाइल्स, प्लास्टर आणि रंग पूर्ववत करून द्यावेत. काम सुरू करण्याआधी कामाची पद्धत लेखी कळवावी. मुदतीत काम न झाल्यास भरपाईसाठी दाद मागितली जाईल." सोबत तारखेसह फोटो. ओलीशेजारी त्या दिवशीचे वर्तमानपत्र धरून फोटो काढायची जुनी युक्ती आजही उपयोगी पडते.

बेळगावात करारनामा कन्नड किंवा इंग्रजीत असतो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी तो वाचलेला नसतो. कुणा माहितगाराकडून तो एकदा पूर्ण वाचून घ्यावा, विशेषतः दुरुस्ती आणि तंटा याबद्दलच्या ओळी. पत्राचा मसुदा मराठीत करायला हरकत नाही, पण पाठवताना ते इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये गेलेले बरे. पुढे तेच पत्र सुनावणीत दाखवायचे असते, तेव्हा भाषांतराची फेरी वाचते.

फोन बदलताना जुने चॅट उडाले, असे नेहमी होते. ते आधी जपून ठेवा. तसेच वॉटर प्युरिफायर, आरसा, गीझर कुणी आणि कुठे बसवला त्याची बिले सांभाळा. "तुम्हीच ड्रिल मारलं" या आरोपाला तेच उत्तर. खरोखरच ड्रिल पाइपला लागले असेल, तर तो खर्च मात्र घरमालकाचा. नळाचे वॉशर झिजणे किंवा बोअरच्या जड पाण्याने शॉवरची भोके बुजणे हाही बांधकामाचा दोष नव्हे. नळ, मिक्सर यांना कंपनीची वेगळी हमी असते, तिची कार्डे ताब्याच्या वेळीच मागून घ्यायची.

"प्लंबिंगचा ठेका दुसऱ्याकडे होता, तो माणूस आता बेळगावात नाही," हे उत्तरही बऱ्याच जणांना मिळते. खरेदीदाराचा करार ठेकेदाराशी नसतो, बिल्डरशी असतो. ठेकेदाराला कुठून शोधून आणायचे तो त्यांच्यातला प्रश्न.

थांबण्यासारखी स्थिती नसेल, म्हणजे विजेच्या बोर्डापर्यंत पाणी गेले किंवा खालच्यांचे छत कोसळायला आले, तर दुरुस्ती करून घ्यावीच. पण आधी बिल्डरला लेखी कळवावे, एक-दोन दिवसांची मुदत द्यावी, फोडण्याआधीचे आणि फोडल्यानंतरचे फोटो काढावेत. फुटलेला सांधा फेकू नये, पिशवीत घालून ठेवावा. प्लंबरकडून काय सापडले ते लिहून घ्यावे आणि बिल पक्के, जीएसटीसह घ्यावे. चिठ्ठीवर लिहिलेली रक्कम नंतर कुणी मान्य करत नाही. रक्कम मोठी असेल तर सिव्हिल इंजिनिअरचा सही-शिक्क्याचा अहवालही घ्यावा.

दाद कुठे मागायची

इथे बेळगावकरांनी एक गोष्ट नीट तपासावी. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर त्या प्रकल्पाला रेरामध्ये नोंदणीची सक्ती नाही. 500 चौरस मीटर म्हणजे साधारण पाच गुंठे. चाळीस बाय साठच्या प्लॉटवर जुने घर पाडून बांधलेली तीन मजली इमारत सव्वादोन गुंठ्यांतच बसते. शहराच्या जुन्या भागातल्या अशा बऱ्याच छोट्या इमारती या सवलतीत मोडतात. स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून घर बांधून घेतले असेल तर तिथेही रेरा नाही. अशांसाठी रस्ता ग्राहक आयोगाचा. आपला प्रकल्प नोंदलेला आहे का, हे कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहता येते.

नोंदलेला असेल तर कर्नाटक रेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. दुरुस्तीचा आदेश हवा असेल तर ती प्राधिकरणाकडे जाते, पैशांत भरपाई हवी असेल तर न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे. हे दोन वेगळे अर्ज आहेत, एकात दोन्ही मागून चालत नाही. आदेशाप्रमाणे पैसे दिले नाहीत तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करता येतात, पण या वसुलीलाही पाठपुरावा लागतो.

ग्राहक आयोगात कुठल्या पायरीवर जायचे, ते दुरुस्तीच्या खर्चावर ठरत नाही. घरासाठी मोजलेल्या रकमेवर ठरते. हिशेबात इथे गल्लत होते. गळतीचा खर्च ऐंशी हजार असला, तरी फ्लॅट 45 लाखांचा असेल तर तक्रार बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात. फ्लॅट 55 लाखांचा असेल तर राज्य आयोगाकडे, कारण जिल्ह्याची मर्यादा 50 लाखांची आहे. शुल्क फार नाही. 20 ते 50 लाखांच्या टप्प्याला 1000 रुपये, 50 लाख ते एक कोटीला 2000. पण इथे मुदत दोनच वर्षांची, तक्रारीचे कारण घडल्यापासून. "करतो, करतो" म्हणत बिल्डर ही दोन वर्षे सहज खाऊन टाकतो. तोंडी आश्वासनाने मुदत वाढली असे धरून बसू नये. उशीर झाल्यास सबळ कारण द्यावे लागते आणि ते मान्य होईलच असे नाही. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

रेरा आला म्हणून ग्राहक आयोगाचा रस्ता बंद झालेला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात स्पष्ट केले. तरी एकाच मागणीसाठी दोन्हीकडे जाऊ नये, विचार करून एक निवडावा.

इथल्या कितीतरी घरांतली मुले पुण्यात नोकरीला आहेत आणि तिथला फ्लॅट आई-वडिलांच्या नावावर आहे. रेराची तक्रार घर जिथे आहे त्या राज्यात करायची, म्हणजे पुण्यासाठी महारेरा, मडगाव-म्हापशासाठी गोवा रेरा. ग्राहक आयोगाचे मात्र तसे नाही. 2019 च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या ठिकाणीही तक्रार करता येते. पुण्याच्या फ्लॅटसाठी बेळगावच्या आई-वडिलांना पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत.

डक्टमधले मोठे पाइप, जमिनीतली आणि गच्चीवरची टाकी, ड्रेनेजचे चेंबर हे सगळ्यांचे. त्याची तक्रार एकट्याने करण्यापेक्षा रहिवाशांच्या संघटनेने करावी. रेरा संघटनेलाही तक्रारीचा हक्क देतो. इमारतीचे आराखडे संघटनेच्या हवाली करणे ही बिल्डरची जबाबदारी आहे. त्यात प्लंबिंगचे नकाशे आलेच पाहिजेत असा आग्रह धरावा. भिंतीत कोणता पाइप कुठून गेला हे कळले, तर एका गळतीसाठी चार भिंती फोडायची वेळ येत नाही. फ्लॅट दुसऱ्याकडून विकत घेतला असेल तरी हक्क जात नाही. कायद्यातल्या "खरेदीदार" या व्याख्येत पुढे खरेदी करणाराही येतो. फक्त पाच वर्षे मूळ ताब्याच्या तारखेपासून धरून चालावे.

बिल्डर तयार झाला, मग?

पत्र गेल्यावर अनेकदा प्रकरण आयोगापर्यंत जातच नाही. बिल्डरचाही पुढचा प्रकल्प विकायचा असतो. पण इथेही घाईने "काम समाधानकारक" अशी सही देऊ नये. पाइप बदलल्यावर टाइल्स बसवण्याआधी लाइनवर दाब देऊन बघायचा, बाथरूममध्ये पुन्हा किमान एक दिवस-रात्र पाणी साठवायचे आणि खालच्या घरात जाऊन छत स्वतः बघायचे. भिंत पूर्ण वाळल्याशिवाय रंग लावू द्यायचा नाही. ओल्या भिंतीवर मारलेला रंग दोन महिन्यांत फुगतो आणि मग दुरुस्ती झाली की नाही यावर पुन्हा वाद. सही द्यायचीच तर "दुरुस्ती केली, निरीक्षण चालू" एवढेच लिहावे.

टाइल्सचा घोळ हमखास होतो. तीन वर्षांपूर्वीचा तो शेड आता मिळत नाही, बिल्डर जवळपासचा दुसरा लावून देतो आणि भिंतीला ठिगळ दिसते. आधीच बोलून ठेवले तर पूर्ण भिंतीच्या टाइल्स बदलून मिळू शकतात. ज्यांनी अजून ताबा घेतलेला नाही, त्यांनी प्रत्येक बाथरूमच्या टाइल्सचा एक जादा बॉक्स मागून पलंगाखाली ठेवावा.

आणि ज्यांच्या ताब्याला चार वर्षे होत आली आहेत, त्यांनी शेवटच्या पावसाळ्यानंतर, दसरा-दिवाळीच्या साफसफाईत कपाटे पुढे ओढून सगळ्या भिंती, सिंकखालचा भाग आणि डक्टच्या खिडक्या एकदा बघून घ्याव्यात. जे दिसेल ते पाचवे वर्ष संपायच्या आत एकाच पत्रात, फोटोंसह, स्पीड पोस्टने.